घाटाच्या अलीकडे थांबलेले रूळ

उंब्रजला रेल्वे स्टेशन नाही. पुणे-बंगळूर महामार्गावरच्या या गावात रात्री-अपरात्री केव्हाही उभं राहा, सातारा, कराड किंवा कोल्हापूरकडे जाणारी एसटी मिळते. रेल्वे आहे ती कृष्णेच्या पलीकडे, मसूरला. तारळी नदी कृष्णेला मिळते तिथे उंब्रज, आणि पूल ओलांडून पूर्वेला गेलं की मसूर. दोन्ही गावांत समर्थ रामदासांनी स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी एकेक मारुती आहे, त्यामुळे पायी फिरणाऱ्या भाविकांना हा रस्ता पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. रेल्वेचा प्रवासी मात्र कमी. ‘मसूरला जाऊन गाडी धरायची’ म्हटलं की उंब्रजचा माणूस विचारतो, ‘कशाला? हितनं एसटी हाय की.’

या कशालाचं उत्तर शोधण्यासाठी ऐन थंडीत हा प्रवास केला. आधी कृष्णेच्या काठाने मिरजेपर्यंत, आणि मग एक दिवस सह्याद्री उतरून समुद्रापर्यंत. नकाशावर उंब्रजपासून अरबी समुद्र फार लांब नाही. मधे डोंगराची एक भिंत आहे. त्या भिंतीच्या पूर्वेला एक रेल्वे आहे, पश्चिमेला दुसरी. या भागात दोघींची गाठ अजून पडलेली नाही.

मसूरचा फलाट

डिसेंबरच्या पहाटे कृष्णेच्या पुलावर धुकं दाटलेलं असतं. उसाचे ट्रॅक्टर दिवे लावून हळूहळू पुढे सरकत असतात. रस्त्याकडेला ऊसतोड कामगारांच्या कोप्यांपुढे शेकोट्या पेटलेल्या, बायका भाकरी थापताहेत, पोरं चादरीत गुरफटून जाळाला टेकलेली. ही थंडी या खोऱ्याला हवी असते. रात्री गार पडल्या की उसात साखर भरते आणि कारखान्याचा उतारा वाढतो. पण ती थंडी अंगावर घेऊन पहाटे चारला फडात उतरणारा माणूस बीडकडचा, त्याच्या पायात बहुधा चपलाच असतात. उताऱ्याचा आकडा वाचताना हे पाय आठवले पाहिजेत.

मसूरच्या फलाटावर मफलर, कानटोप्या, शाली. कॉलेजची मुलं, कारखान्यात कामाला जाणारी माणसं, आणि नातवाचा हात धरून बसलेल्या एक आजी. “कुठं निघालाय आजी?” विचारलं तर म्हणाल्या, “मिरजंला. डोळं दाखवाया. आमची आईबी मिरजंलाच जायाची.” या एका वाक्यात शंभर वर्षांचा इतिहास आहे. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली मिरजेत मिशनचं रुग्णालय सुरू केलं, आणि आजार अवघड झाला की मिरज गाठायची ही रीत या सगळ्या पट्ट्यात पडली. त्या काळी खेड्यातल्या रोग्याला तिथवर नेण्यासाठी बैलगाडीपेक्षा बरं साधन एकच होतं, रेल्वे.

ही रेल्वे आली तीही एका संकटाच्या पाठीवर. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळात दख्खनमध्ये अन्नावाचून माणसं मेली. दुष्काळी मुलखात धान्य पोचवता यावं, या हेतूने पुढे जे मार्ग आखले गेले, त्यांतला हा सदर्न मराठा रेल्वेचा मार्ग. कंपनी १८८२ साली स्थापन झाली आणि त्या दशकात पुणे-मिरज भागात मीटरगेजचे रूळ पडले. १९७१ मध्ये त्याचं ब्रॉडगेज झालं. आता वर विजेची तार आहे आणि शेजारी दुसरा रूळ.

प्रवासी नेहमी तक्रार करतात की स्टेशनं गावापासून लांब आहेत. साताऱ्याचं स्टेशन माहुलीकडे, कराडचं ओगलेवाडीला, उंब्रजचं म्हणायचं तर मसूरला. कारण नदीच्या रचनेत आहे. वेण्णा, उरमोडी, तारळी, कोयना या सह्याद्रीतून येणाऱ्या मोठ्या नद्या कृष्णेला उजव्या तीराला मिळतात. तिकडून रूळ टाकायचे तर प्रत्येक नदीवर मोठा पूल हवा. मार्ग डाव्या, पूर्वेच्या तीराने गेला, म्हणून साताऱ्यापासून मिरजेपर्यंत त्याला कृष्णा ओलांडावीच लागत नाही. जुनी नांदती गावं मात्र उजव्या तीरावर आणि संगमांवर होती. ती तिथेच राहिली आणि रुळांच्या कडेला नवी गावं जन्मली.

रुळांनी वसवलेली गावं

शिरवडे गेलं की उसाच्या मळ्यांमागे सह्याद्री साखर कारखान्याचा धूर दिसतो, आणि मग कराड. खरं तर ओगलेवाडी. सदाशिवगडाच्या पायथ्याचं हे गाव १९१६ साली सुरू झालेल्या ओगले बंधूंच्या काच कारखान्याभोवती वाढलं. इथला ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पोचला. वीज नसलेल्या घरांत दोन पिढ्यांनी त्याच्या उजेडात अभ्यास केला. कच्चा माल, कोळसा आणायचा आणि तयार माल धक्के न बसता बाहेर पाठवायचा तर कारखाना रुळांजवळच हवा, हे ओगल्यांनी ओळखलं होतं.

कराड शहरात जायला इथून रिक्षा करावी लागते. दिवस हाताशी असेल तर अवश्य उतरावं. कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात तो प्रीतिसंगम, तिथली यशवंतराव चव्हाणांची समाधी, जुन्या मशिदीचे दोन उंच मनोरे, नकट्या रावळाची पायऱ्यांची विहीर आणि पलीकडे आगाशिवच्या डोंगरातली बौद्ध लेणी. भारहुतच्या स्तूपाला दान देणाऱ्यांमध्ये या गावची माणसं होती, असं तिथले शिलालेख सांगतात. म्हणजे बावीसशे वर्षांपूर्वीही कराडचा माणूस घरकोंबडा नव्हता.

पुढचं शेणोली हे लहान स्टेशन. एक्स्प्रेस गाड्या ते ओलांडून जातात, पण या मार्गावरचा सर्वांत धगधगता इतिहास इथला आहे. ७ जून १९४३ रोजी प्रतिसरकारच्या तुफान सेनेने इथे इंग्रज सरकारचा पगार घेऊन जाणारी गाडी अडवली आणि खजिना काढून घेतला. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या चळवळीतले जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ म्हणून ओळखले जाणारे रामचंद्र लाड या मोहिमेच्या पुढे होते. ती लूट नव्हती, लोकांचाच पैसा आम्ही परत आणला, असं कॅप्टन भाऊ अखेरपर्यंत सांगत राहिले. २०२२ मध्ये त्यांचं निधन झालं. आज डब्यातल्या कॉलेजच्या मुलांना विचारलं तर कुंडलकडच्या एका मुलाने सगळी हकीकत सांगितली, बाकीची ऐकत राहिली. शाळेच्या सहली पन्हाळ्याला जातात, रायगडला जातात. एखादी शेणोलीच्या फलाटावरही यायला हवी. इतिहास जिथे घडला तिथे पॅसेंजरच्या तिकिटात पोचता येतं, ही सोय फार थोड्या ठिकाणी आहे.

ताकारी आलं की सागरेश्वरचे डोंगर दिसतात. त्यांच्या पायथ्याशी देवराष्ट्रे, यशवंतरावांचं आजोळ आणि जन्मगाव. उघड्याबोडक्या डोंगरावर माणसांनी झाडं लावून, जपून उभं केलेलं सागरेश्वरचं अभयारण्य हे या दुष्काळी कडेवरचं मोठं काम आहे. मग किर्लोस्करवाडी. पूर्वी या स्टेशनचं नाव कुंडल रोड. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावातून विस्थापित होऊन इथे आले, तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी दिलेली ही जमीन निवडुंगाने भरलेली, सापांची होती. राजाने माळ दिला, पण लोखंडी नांगर देशभर जाऊ शकले ते दाराशी स्टेशन होतं म्हणून. याच माळावरून शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ ही मासिकं काढली. मराठी मध्यमवर्गाच्या घरात विज्ञान, उद्योग आणि स्त्रीचे प्रश्न घेऊन जाणाऱ्या अंकांचे गठ्ठे याच फलाटावरून निघत. मराठी मासिकांच्या वाचनसंस्कृतीचा एक उगम या खडीच्या कडेला आहे.

भिलवडीलाही तीच गोष्ट. भास्कर गणेश चितळे यांनी १९३९ मध्ये इथे दुधाचा धंदा सुरू केला तो गाडीने दूध बाहेर पाठवता येईल म्हणून. भिलवडीजवळच कृष्णाकाठी दत्ताचं औदुंबर आहे. कवी सुधांशूंच्या या गावात दरवर्षी संक्रांतीला साहित्य संमेलन भरतं. मंडपात तिळगूळ, अंगावर शाली आणि समोर नदी. मोठ्या शहरांतल्या संमेलनांची चर्चा वर्तमानपत्रांत महिनाभर चालते. औदुंबरचं संमेलन गावाने पिढ्यान्‌पिढ्या जपलं आहे, याची दखल त्या मानाने फार थोडी घेतली जाते.

मिरज

मिरज जंक्शनला उतरल्यावर डोळे दाखवायला आलेल्या आजी नातवासह दवाखान्याकडे गेल्या. मी मीरासाहेबांच्या दर्ग्याकडे गेलो. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची कबर इथे आहे. किराणा घराण्याचा हा सूर मिरजेत स्थिरावला आणि इथून साऱ्या महाराष्ट्रात पसरला. त्यांचा अंत रेल्वेच्या फलाटावर झाला. १९३७ साली पाँडिचेरीला जाताना गाडीत प्रकृती बिघडली. मद्रासजवळच्या सिंगपेरुमल कोईल या लहानशा स्टेशनवर ते उतरले आणि तिथेच त्यांनी देह ठेवला. दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते, आणि मोठमोठे कलावंत तिथे हजेरी लावून जातात.

दर्ग्यापासून जवळच तंतुवाद्यांची गल्ली आहे. भोपळा निवडण्यापासून तारा जुळवेपर्यंत सगळं हाताचं काम. एका कारागिराने जवारी लावताना काम न थांबवता सांगितलं, “थंडीत लाकूड आक्रसतं, पावसाळ्यात फुगतं. सूर दोन्हीत टिकला पाहिजे.” मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. या मानांकनाचा फायदा त्या खोलीत बसलेल्या माणसाच्या मजुरीपर्यंत पोचला तरच त्याला अर्थ आहे.

मिरजेची आणखी एक आठवण. एप्रिल २०१६ मध्ये लातूर तहानेने व्याकूळ असताना इथून कृष्णेचं पाणी रेल्वेच्या टाक्यांतून लातूरला गेलं. पहिल्या खेपेत सुमारे पाच लाख लिटर, नंतर त्याहून कितीतरी मोठ्या खेपा. दुष्काळामुळे मिरजेला आलेल्या रेल्वेने सव्वाशे वर्षांनी पुन्हा दुष्काळातच माणसं जगवली. रेल्वेचा हिशेब नफ्यातोट्यात मांडणाऱ्यांनी हा जमाखर्चही धरावा.

भिंत ओलांडताना

समुद्राकडे निघायचं तर उंब्रजहून पहाटे चारलाच बाहेर पडावं लागतं. आधी कराड, तिथून चिपळूणची एसटी. मल्हारपेठ, पाटण, कोयनानगर, आणि मग कुंभार्ली घाट. मल्हारपेठेला चढलेला एक गृहस्थ शेजारी बसला. चिपळूणला लेक दिलेली, तिच्याकडे निघाला होता. समुद्र पाहिलाय का, असं विचारल्यावर म्हणाला, “व्हय तर. म्हमईला माथाडीत हुतो, तवा बघितला.” पाटण खोऱ्यातली हजारो माणसं मुंबईच्या गोदीत आणि बाजारात ओझी वाहायला गेली. त्यांचे नेते अण्णासाहेब पाटील याच तालुक्यातले, १९६९ चा माथाडी कायदा त्यांच्या लढ्याचं फळ. पण इथून जवळचा समुद्र सोडून माणसाला तो तीनशे किलोमीटरवरच्या मुंबईत पाहावा लागला, कारण पोट मुंबईत होतं आणि गाड्याही तिकडेच जात होत्या.

पूर्वी असं नव्हतं. रायगड जिल्ह्यात राजपुरीच्या खाडीकाठी कुडा लेणी आहेत. तिथला एक शिलालेख सांगतो की ते लेणं करहाकडच्या, म्हणजे आपल्या कराडच्या, महिक नावाच्या लोखंडाच्या व्यापाऱ्याने दान दिलं. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी कराडचा लोहव्यापारी घाट उतरून खाडीवर जात होता आणि तिथे लेणं खोदून देण्याइतका पैसा राखून होता. पुढे दाभोळच्या बंदरातून वाशिष्ठीने गोवळकोटपर्यंत गलबतं येत आणि माल बैलांच्या पाठीवर कुंभार्ली चढून कराडला पोचे. मीठ, सुकी मासळी, नारळ वर येई. धान्य, गूळ खाली जाई. देश आणि कोकण ही दोन टोकं आहेत असं आपण आज मानतो. त्या तांड्यांच्या काळात ती एकाच बाजाराची दोन दारं होती.

कोयनानगरला एसटी थांबते, खिडकीची काच वाफेने पांढरी झालेली असते. १९६४ मध्ये पूर्ण झालेलं कोयना धरण इथलं. १०५ टीएमसी पाण्याचा हा साठा मूळचा पूर्वेला वाहणारा. त्यातलं ठरलेलं पाणी, वर्षाला ६७.५ टीएमसी, डोंगरातल्या बोगद्यांतून पश्चिमेला सोडलं जातं, पोफळीच्या बाजूला वीज करतं आणि वाशिष्ठीतून समुद्राला मिळतं. महाबळेश्वरी उगम पावलेल्या आणि बंगालच्या उपसागराकडे निघालेल्या पाण्याचा काही भाग असा अरबी समुद्रात जातो. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे याच खोऱ्यात भूकंप झाला, दीडशेहून अधिक माणसं गेली, हजारो घरं पडली. अशाच थंडीतली ती पहाट. जुनी माणसं अजून तो दिवस नावानिशी सांगतात, कोणाच्या घरचं कोण गेलं ते.

घाटमाथा ओलांडला आणि गाडी उतरू लागली की अंगातला स्वेटर जड होतो. पोफळी, अलोरे, शिरगाव, आणि चिपळूण येईपर्यंत हवा दमट आणि ऊबदार झालेली असते.

चिपळूण ते रत्नागिरी

चिपळूणमध्ये लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर आहे, १८६४ पासूनचं. जुलै २०२१ च्या महापुरात शहराबरोबर हे ग्रंथालयही बुडालं. पुस्तकं वाळवून, दुरुस्त करून लोकांनी ते पुन्हा उभं केलं. स्टेशनकडे जाण्यापूर्वी तिथे वेळ काढावा.

कोकण रेल्वे ही महाराष्ट्राने डोळ्यांनी पाहिलेली अवघड गोष्ट आहे. मधू दंडवते आणि जॉर्ज फर्नांडिस यांचा पाठपुरावा, १९९० मध्ये स्थापन झालेलं महामंडळ, ई. श्रीधरन यांचं नेतृत्व, आणि २६ जानेवारी १९९८ रोजी रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा मार्ग खुला. हे काम होणार नाही, असं सांगणारे त्या काळी पुष्कळ होते. चिपळूणनंतर सावर्डे, आरवली, संगमेश्वर. संगमेश्वरला डबा क्षणभर शांत होतो, निदान मी तरी होतो. १६८९ च्या फेब्रुवारीत छत्रपती संभाजी महाराज या परिसरात पकडले गेले. इथल्या कसब्यात कर्णेश्वराचं देखणं जुनं मंदिर आहे, नदीच्या संगमाजवळ. उक्षीनंतर करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो. गाडीत दिवे असतात, कानात आवाज भरतो, आणि बाहेर पडलं की आंब्याच्या बागा.

आंब्याला मोहोर फुटायला रात्रीची थंडी लागते. पौषात गारवा चांगला पडला की कोकणातला बागायतदार सुखावतो. जी थंडी कृष्णाकाठच्या उसात साखर भरते तीच इथे हापूसचा मोहोर आणते. डोंगराच्या दोन्ही अंगांचा शेतकरी एकाच वाऱ्याची वाट पाहतो, हे दोन्हीकडे एकाच हिवाळ्यात जाऊन आल्याशिवाय कळत नाही.

रत्नागिरी स्टेशन शहरापासून लांब, कुवारबावला. तिथून आधी थिबा पॅलेस. इंग्रजांनी ब्रह्मदेश जिंकून राजा थिबाला पदच्युत केलं आणि १८८६ मध्ये इथे आणून ठेवलं. समुद्राकडे तोंड असलेला हा राजवाडा १९१० मध्ये त्याच्यासाठी तयार झाला. १९१६ च्या डिसेंबरात तो इथेच वारला. मांडलेचा राजा रत्नागिरीत मेला, आणि रत्नागिरीत जन्मलेले टिळक मांडलेच्या तुरुंगात सहा वर्षं राहिले. टिळक आळीतलं त्यांचं जन्मघर आणि हा राजवाडा एकाच दिवशी पाहिले की साम्राज्य म्हणजे काय ते पुस्तकाशिवाय समजतं. पुढे पतितपावन मंदिर, १९३१ सालचं. भागोजी कीरांच्या पैशाने आणि सावरकरांच्या आग्रहाने उभं राहिलेलं, सर्व जातींना खुलं.

आणि शेवटी समुद्र. रत्नदुर्गाच्या एका अंगाला काळी वाळू, दुसऱ्या अंगाला पांढरी. मिरकरवाडा बंदरात होड्या लागलेल्या, कोळणी मासळीची वाटणी करत बसलेल्या. मांडवीच्या जेटीवर साताऱ्याकडच्या एका शाळेची सहल आली होती. मुलं पाण्यात पाय घालायला आधी घाबरली, मग बाहेर यायला तयार होईनात. त्यांच्या बाईंनी सांगितलं, “पहाटे तीनला निघालो. घाटात निम्म्या मुलांना बस लागली. तरी आणायचंच होतं.”

जे मागायला हवं

या प्रवासात परत उंब्रजला पोचायला मध्यरात्र होते. दिवसातला निम्म्याहून जास्त वेळ रस्त्यात जातो, समुद्राच्या वाट्याला दोन-तीन तास येतात. कराड-चिपळूण रेल्वेमार्गाची मागणी जुनी आहे. शंभराहून थोड्या अधिक किलोमीटरचा हा मार्ग सर्वेक्षणांत, अर्थसंकल्पांत आणि निवडणुकीच्या भाषणांत वर्षानुवर्षं आहे. जमिनीवर नाही.

अडचणी खऱ्या आहेत आणि त्या लपवून मागणी करणं प्रामाणिक नव्हे. कोयनेचं खोरं भूकंपप्रवण आहे. कोयना अभयारण्य हे २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे, आणि २०१२ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून निवडलेल्या पश्चिम घाटात ते मोडतं. सहाशे मीटरचा उतार काही किलोमीटरांत उतरायचा म्हणजे बोगदे लांब, खर्च मोठा. म्हणून जंगल उघडं न करता, शक्य तितकं डोंगराच्या पोटातून आणि भूगर्भाचा पक्का अभ्यास करून हा मार्ग व्हावा. कोयनेच्या बोगद्यांनी पाणी नेलं, करबुड्याच्या बोगद्याने गाडी नेली. दोन्ही कामं आपल्याच अभियंत्यांनी आणि मजुरांनी केली आहेत.

पण मागणी करताना एक चूक होते. सगळी मांडणी मालवाहतुकीची असते: बंदर, साखर, कोळसा, कंटेनर. ते आकडे हवेतच, त्यांच्याशिवाय पैसा मिळणार नाही. त्याबरोबर पाटण आणि कोयनानगरला थांबणारी, साधारण डब्यांची पॅसेंजर गाडीही पहिल्या दिवसापासून कागदावर असली पाहिजे. मसूर-मिरज मार्गाने जे दिलं ते मालगाड्यांनी एकट्यांनी दिलेलं नाही. डोळे दाखवायला निघालेली आजी, किर्लोस्करवाडीला उतरणारा कामगार, शेणोलीची हकीकत सांगणारा मुलगा, हे सगळे लहान स्टेशनांवर थांबणाऱ्या गाडीचे प्रवासी आहेत. स्टेशन गावाला मिळालं की कारखाना, दूध, मासिक, शाळा मागोमाग येतात, याचा पुरावा ओगलेवाडीपासून भिलवडीपर्यंत रुळांच्या कडेला उभा आहे.

तोवर उंब्रजच्या, पाटणच्या, मसूरच्या शाळांनी थंडीच्या दिवसांत मुलांना निदान पॅसेंजरने कराड-शेणोली-मिरज दाखवून आणावं. खर्च फार नाही आणि मुलांना घाट लागत नाही. आपल्या खोऱ्याचा इतिहास खिडकीतून ओळखू लागलेली मुलं मोठी झाली की पश्चिमेकडच्या रुळांची मागणी ती आपल्यापेक्षा नेटाने करतील. महिक लोहव्यापारी पायी जाऊन एखाद्या संध्याकाळी समुद्रकाठी टेकला असेल. त्याच्या गावच्या पोरांना ते अंतर आजही एवढं जड जावं, हे मान्य करायचं कारण नाही.